गाठोडं न सोडता केलेली तपासणी

शेंदूरजनाघाटच्या परिसरात पावसाळ्याच्या तोंडावर जी गडबड असते ती संत्र्याच्या कलमांची. जंबेरीच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा भरून तयार केलेली कलमं न्यायला वरुड-मोर्शीकडचे शेतकरी तर येतातच, पण सातपुड्यापलीकडचे मध्य प्रदेशातलेही येतात. इथल्या एका नर्सरीवाल्यांनी काही वर्षांपूर्वी आगाऊ नोंदणीसाठी मोबाइल ॲप करून घेतलं. ते त्यांच्या मुलानं आणि त्याच्या कॉलेजातल्या मित्रानं मिळून लिहिलं होतं. पैशाचा मामला म्हणून वडिलांना धास्ती होती. ‘काकाजी, एकदा पाहून द्या ना,’ म्हणत पोरगा माझ्याकडे आला. मी साध्या कागदावर लेखी परवानगी घेतली, खऱ्या नोंदी असलेल्या सर्व्हरला हात न लावता चाचणीसाठी वेगळी प्रत उभी करायला लावली आणि चार दिवस ते ॲप उलटंपालटं करून पाहिलं.

मला मुख्य प्रश्न एकच होता. कलमेचा दर ग्राहकाच्या फोनमधून सर्व्हरकडे जातो की सर्व्हर आपल्या तक्त्यातून घेतो? फोनमधून जात असेल, तर वाटेत बदलता येतो. मी फोन आणि सर्व्हर यांच्यामधली सगळी ये-जा फायलीत साठवली आणि तिच्यात ‘दर’ शोधला, ‘रेट’ शोधला, खरा आकडाही शोधला. काहीच सापडलं नाही. खात्रीसाठी एका नोंदणीच्या मजकुराच्या जागी माझा स्वतःचा, एक रुपया दर असलेला मजकूर टाकून पाठवला. सर्व्हरनं ‘चुकीची विनंती’ म्हणून तो परत पाठवला. मी अहवालात लिहिलं: दर ग्राहकाकडून जात नाही, बदललेला दर सर्व्हर स्वीकारत नाही.

दोन्ही वाक्यं चुकीची होती. ती कशी चुकली हे सांगायचं तर वेबवरचा मजकूर दाबून कसा पाठवतात, तो वाटेत सोडून कसा पाहतात आणि बदलून परत कसा बांधतात, हे मुळापासून सांगावं लागेल. या विषयावर मराठीत फारसं लिहिलं जात नाही आणि ॲप मात्र आता गावोगावी तयार होत आहेत, म्हणून थोडं विस्तारानं लिहितो.

मजकूर दाबण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. जुन्या मोडी पत्रांत मुक्कामाला ‘मु॥’ आणि तालुक्याला ‘ता॥’ लिहून भागवत. खरेदीखतात शेताचं वर्णन, चतुःसीमा एकदाच येतात आणि पुढे प्रत्येक ठिकाणी ‘सदरहू शेत’ एवढंच लिहिलेलं असतं. किराणा दुकानदाराच्या वहीत वरच्या ओळीतलंच नाव खाली आलं की दोन टिंबं देतात. वाचणाऱ्यानं मागे पाहायचं आणि तिथला मजकूर मनातल्या मनात इथे आणून वाचायचा.

इस्रायलमधल्या अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह यांनी १९७७ साली जी पद्धत मांडली ती नेमकी हीच. समजा मजकूर आहे: ‘संत्र्याची कलम, मोसंबीची कलम’, आणि पुढे स्वल्पविराम देऊन यादी चालूच आहे. पहिल्यांदा ‘ची कलम, ’ हा तुकडा आहे तसा लिहावा लागतो. दुसऱ्या वेळी मात्र ‘३६ बाइट मागे जा, तिथून १८ बाइट उचल’ एवढीच खूण पुरते. हे आकडे मी उगाच टाकलेले नाहीत. युनिकोडच्या युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, स्वल्पविराम आणि मोकळी जागा १-१ बाइट घेतात. त्या तुकड्यात पाच देवनागरी चिन्हं आहेत (च, दीर्घ वेलांटी, क, ल, म), म्हणजे १५. दोन मोकळ्या जागा आणि एक स्वल्पविराम धरून १८. त्यात ‘मोसंबी’ची सहा चिन्हं म्हणजे आणखी १८ मिळवले की ३६.

यानंतर दुसरा टप्पा. डेव्हिड हफमन यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीनं, वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड संकेत आणि क्वचित येणाऱ्याला लांब संकेत दिला जातो. तारेच्या कट्ट-कडकट्टमध्येही इंग्रजीतल्या सगळ्यात जास्त येणाऱ्या ‘ई’ला एकच टिंब होतं, तसंच हे. मराठी मजकुराला याचा वेगळाच लाभ होतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो आणि दुसरा बाइट दोनांपैकी एक असतो. म्हणजे तीन बाइटांपैकी खरी माहिती बहुतेक तिसऱ्यातच. मराठी मजकूर संगणकात तिप्पट जागा खातो ही तक्रार खरी आहे, पण दाबल्यावर त्या तिपटीतला बराचसा फुगवटा निघून जातो.

हे दोन टप्पे जोडून फिल कॅट्झ या अमेरिकन प्रोग्रामरनं ‘डिफ्लेट’ नावाची पद्धत आपल्या झिप फायलींसाठी केली. (झिप फाइल कच्च्या रूपात उघडली की सुरुवातीला ‘पीके’ ही दोन अक्षरं दिसतात. ती त्याच्या नावाची आद्याक्षरं. माणूस गेला, अक्षरं जगभर रोज फिरताहेत.) ज्याँ-लू गेली आणि मार्क ॲडलर यांचं ‘जीझिप’ १९९२ मध्ये आलं, तेही आतून डिफ्लेटच वापरतं. १९९६ मध्ये या पद्धती इंटरनेटच्या मानक दस्तऐवजांत नोंदल्या गेल्या. पुढे गूगलचं ब्रॉटली आणि फेसबुकमधून आलेलं झेडस्टँडर्ड हे नवे प्रकारही आले, पण जीझिप अजून सगळीकडे चालतं.

आता हे वेबवर कसं चालतं ते पाहू. ब्राउझर सर्व्हरला पान मागताना सोबतच्या शीर्षकांत सांगतो की मला अमुक अमुक प्रकारची गाठोडी सोडता येतात. या शीर्षकाचं नाव ‘अ‍ॅक्सेप्ट-एन्कोडिंग’. सर्व्हर त्यातला एक प्रकार निवडतो, मजकूर दाबतो आणि उत्तराच्या ‘कंटेंट-एन्कोडिंग’ शीर्षकात लिहितो की हे जीझिप आहे. ब्राउझर ते सोडून दाखवतो. वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

उत्तराच्या बाबतीत अशी बोलणी होते. विनंतीच्या बाबतीत होत नाही. फोनमधल्या ॲपला काही मोठं पाठवायचं असेल तर ते स्वतःच ठरवतं, दाबतं आणि पाठवून देतं. सर्व्हरला ते सोडता येतं की नाही हे ॲप लिहिणाऱ्यालाच माहीत असतं. आमच्या नर्सरीच्या ॲपमध्ये हेच होतं. सातपुड्याच्या पायथ्याकडच्या गावांत रेंज धड नसते, म्हणून नर्सरीचा माणूस दिवसभर शेतकऱ्यांच्या नोंदी फोनमध्येच भरायचा, आणि रेंज मिळाली की ॲप त्या सगळ्या एकत्र करून, जीझिपनं दाबून पाठवायचं. पोरांनी चांगल्या हेतूनं आणि चांगलं डोकं लावून ते केलं होतं. मी मात्र बांधलेल्या गाठोड्यावर हात फिरवून आत ‘दर’ आहे का ते पाहत होतो.

तपासणीचं साधन कसं चालतं, तेही सांगतो. बर्प सूट, झॅप, मिटमप्रॉक्सी ही यातली प्रसिद्ध नावं. या सगळ्यांचं काम अडत्यासारखं आहे. फोनला सांगायचं की थेट सर्व्हरकडे जाऊ नको, माझ्या लॅपटॉपमार्फत जा. विनंती आधी या मध्यस्थाकडे येते, तो ती उघडून दाखवतो, हवी तर बदलू देतो आणि पुढे पाठवतो. उत्तराचंही तसंच. वाट कुलूपबंद असते, म्हणून मध्यस्थ स्वतःचं प्रमाणपत्र तयार करतो आणि ते आपण आपल्याच फोनमध्ये विश्वासू म्हणून घालतो. अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून ॲप अशी आपण घातलेली प्रमाणपत्रं आपोआप मानत नाहीत; त्यासाठी ॲपची चाचणीसाठीची वेगळी आवृत्ती तयार करून घ्यावी लागते. मालकाची संमती असली की हे सोपं आहे. नसली की अवघड असावं, म्हणूनच ते तसं केलं आहे.

मध्यस्थाला तीन वेष्टनं काढावी लागतात आणि ती ठरलेल्या क्रमानंच काढावी लागतात. सगळ्यात बाहेर कुलूप, म्हणजे सांकेतिकीकरण. त्याच्या आत, अनेकदा, मजकूर तुकड्यातुकड्यांनी पाठवलेला असतो आणि प्रत्येक तुकड्याच्या आधी त्याची लांबी लिहिलेली असते. त्या लांब्या काढून तुकडे जोडायचे. मग आतलं जीझिपचं गाठोडं सोडायचं. तुकडे न जोडताच गाठोडं सोडायला गेलं की लांबीचे आकडे मध्येच घुसतात आणि साधन ‘फाइल खराब आहे’ म्हणतं. फाइल चांगली असते, आपला क्रम चुकलेला असतो.

बहुतेक साधनं सर्व्हरकडून येणारी उत्तरं आपोआप सोडून दाखवतात. जाणाऱ्या विनंत्यांसाठी मात्र वेगळी सोय असते आणि माझ्या साधनात ती बंद होती. शिवाय मी शोध घेतला तो साठवलेल्या कच्च्या फायलींत. उत्तरं वाचता येत होती म्हणून मी धरून चाललो की सगळंच वाचता येतंय. विनंतीच्या जागी दिसणारी अगम्य चिन्हं मला कलमांच्या फोटोंची वाटली, कारण ॲप फोटोही पाठवत होतं.

ओळखण्याची खूण खरं तर अगदी साधी आहे. जीझिपचं गाठोडं षोडशमान पद्धतीत पाहिलं तर नेहमी ‘१एफ ८बी’ या दोन बाइटांनी सुरू होतं आणि तिसरा बाइट ‘०८’ असतो, म्हणजे आत डिफ्लेट आहे. कधी हे गाठोडं आणखी एकदा, बेस-६४ नावाच्या साध्या अक्षरांच्या वेषात, एखाद्या रकान्यात किंवा कुकीत ठेवलेलं असतं. तिथे ते तीन बाइट रोमन मोठा ‘एच’, आकडा ४, लहान ‘एस’, मोठा ‘आय’ अशा चार चिन्हांचे होतात. ही चौकडी कुठल्याही लांबलचक अगम्य ओळीच्या सुरुवातीला दिसली की थांबून पाहावं. एका शीर्षकावर विश्वासून राहण्यापेक्षा सुरुवातीचे बाइट पाहण्याची सवय चांगली. शीर्षकंही फसवतात. ‘डिफ्लेट’ असं लिहिलेलं असलं तर मानकाप्रमाणे आत झेडलिब नावाच्या पातळ वेष्टनातला मजकूर हवा. पण काही सर्व्हर वर्षानुवर्षं ते वेष्टन न घालता नुसतंच डिफ्लेट पाठवत आले. त्यामुळे शहाणं साधन दोन्ही प्रकारे सोडून पाहतं.

वर्षभरानं, दुसऱ्याच एका कामासाठी मी जुन्या फायली चाळत होतो, तेव्हा मला ती ‘१एफ ८बी’ दिसली. गाठोडं सोडलं. आत प्रत्येक नोंदीसमोर दर होता.

तरीही ‘दर’ हा शब्द शोधून सापडलाच नसता. कारण त्या ॲपनं देवनागरी अक्षरं थेट न लिहिता त्यांचे युनिकोड क्रमांक लिहिले होते: उलटी तिरकी रेघ, लहान ‘यू’ आणि चार आकडी क्रमांक. ‘द’ म्हणजे ०९२६, ‘र’ म्हणजे ०९३०. जेसन नावाच्या मजकूर-रचनेत असं लिहिणं पूर्ण वैध आहे. म्हणजे गाठोड्यात गाठोडं. इंग्रजी रकान्यांच्या साइट तपासून शिकलेल्या माणसाला ही अडचण सहसा येतच नाही. मराठी ॲप तपासणाऱ्यानं मात्र शोधायचा शब्द निदान दोन रूपांत शोधला पाहिजे, थेट अक्षरांत आणि क्रमांकांत.

आता बदलण्याविषयी. दाबलेल्या मजकुरात थेट खाडाखोड करता येत नाही. हफमनचे संकेत बाइटांच्या सीमा पाळत नाहीत. एक बिट हलला की पुढचं सगळं सरकतं. मागच्या तुकड्याकडे बोट दाखवणाऱ्या खुणा तर आणखी चमत्कारिक. ‘संत्र्याची कलम’मधला ‘कलम’ बदलला, तर त्याच्याकडे बोट दाखवणारी मोसंबी, लिंबू सगळीकडची कलम बदलते. यातून काही नीट निघालंच, तरी जीझिपच्या शेवटी आठ बाइटांची मोहोर असते. त्यातले चार मूळ मजकुराचा ताळा, चार मूळ मजकुराची लांबी. ताळा जुळला नाही की गाठोडं नाकारलं जातं. म्हणून रस्ता एकच: पूर्ण सोडायचं, साध्या मजकुरात बदल करायचा, परत बांधायचं.

परत बांधताना दोन गोष्टी जुळाव्या लागतात. वर ‘जीझिप’ असं शीर्षक असेल तर आत जीझिपच हवं. साधा मजकूर पाठवायचा असेल तर शीर्षक काढून टाकायला हवं. माझ्या पहिल्या वर्षीच्या प्रयोगात मी नेमकं हेच चुकवलं होतं. शीर्षक तसंच ठेवून आत साधा मजकूर ठेवला होता. सर्व्हर तो जीझिप समजून सोडायला गेला, जमलं नाही, ‘चुकीची विनंती’ म्हणाला. तो दरापर्यंत पोचलाच नव्हता. त्याच्या नकाराचा अर्थ मी ‘यानं दर तपासला आणि नाकारला’ असा लावला. माझ्या दोन चुकांपैकी ही मला अधिक मोठी वाटते. पहिली न दिसण्याची होती. दुसऱ्या वेळी समोर दिसत असलेल्या उत्तराला मी मला हवा तो अर्थ दिला. आता नियम केला आहे. काही बदलण्याआधी मूळ मजकूर सोडायचा, काहीही न बदलता परत बांधायचा आणि पाठवायचा. तो स्वीकारला गेला तरच पुढच्या नकाराला काही अर्थ.

दुसरी जुळवायची गोष्ट लांबी. ‘कंटेंट-लेंग्थ’ या शीर्षकात मजकूर किती बाइट आहे ते लिहिलेलं असतं, आणि दाबलेला असेल तर दाबल्यानंतरची लांबी. साधनं हा आकडा बहुधा स्वतः बदलतात, पण स्वतःची छोटी आज्ञावली लिहिणारा माणूस इथे हमखास घसरतो, मराठीत तर जास्तच. ‘शेंदूरजनाघाट’ हा शब्द तुम्हीआम्ही मोजला तर सात अक्षरं. संगणकाच्या चिन्हांत मोजला तर काने, मात्रे, अनुस्वार धरून बारा. बाइटांत मोजला तर छत्तीस. शीर्षकात छत्तीसच हवेत. बारा लिहिले तर सर्व्हर पहिले बारा बाइट, म्हणजे चार चिन्हं, ‘शेंद’ एवढं घेऊन थांबेल आणि उरलेले बाइट त्याच जोडणीवरून येणाऱ्या पुढच्या विनंतीची सुरुवात समजेल. यावरच आधारलेला हल्ल्याचा एक पूर्ण प्रकार आहे. छत्तीसपेक्षा जास्त लिहिले तर सर्व्हर न येणाऱ्या बाइटांची वाट पाहत बसेल.

काही ॲप पाठवलेल्या मजकुरावर गुप्त किल्लीनं सहीसारखा शिक्का मारतात. शिक्का दाबलेल्या बाइटांवर असेल तर मजकुरात काडीचाही बदल न करता परत बांधलं तरी तो जुळेलच असं नाही. जीझिपच्या शीर्षभागात वेळेची नोंद ठेवायला जागा असते, दाबण्याच्या पातळ्या वेगळ्या असतात, त्यामुळे एकच मजकूर दोनदा बांधला तर दोन वेगळी गाठोडी होऊ शकतात. दोन्ही सोडल्यावर आतलं सगळं सारखंच. बांधणाऱ्या हाताच्या गाठी वेगळ्या.

या सगळ्या कटकटीतून सुटायला एक पळवाट सगळे शिकवतात: विनंतीतलं ‘अ‍ॅक्सेप्ट-एन्कोडिंग’ काढून टाका, सर्व्हर साधाच मजकूर पाठवेल. मीही वापरतो. पण ती फक्त उत्तरांना लागू आहे. आणि दुसरं, तिच्यामुळे आपण जे तपासतो ते खऱ्या ग्राहकाला मिळणाऱ्या पानापेक्षा वेगळं होतं. याला महत्त्व आहे, कारण दाबण्याच्या क्रियेतूनच गुपित फुटू शकतं.

ही गोष्ट मला पहिल्यांदा वाचली तेव्हा जादूसारखी वाटली. जॉन केल्सी यांनी २००२ मध्ये तत्त्व म्हणून ती मांडली होती. २०१२ मध्ये हुलियानो रिझो आणि थाई डुओंग यांनी ‘क्राइम’ या नावानं ती प्रत्यक्ष करून दाखवली, आणि २०१३ मध्ये ‘ब्रीच’ नावानं तिचा वेबपानांच्या मजकुराला लागू होणारा अवतार आला. कुलूपबंद वाटेवरचा मजकूर चोराला वाचता येत नाही, पण त्याची लांबी दिसते. समजा पानात कुठेतरी एक गुप्त संकेत आहे आणि आपण शोधपेटीत टाकलेला शब्दही त्याच पानात परत छापला जातो. चोर तुमच्या ब्राउझरकडून वेगवेगळे अंदाज त्या शोधपेटीत पाठवायला लावतो. चुकीच्या अंदाजाला मागे बोट दाखवायला काही सापडत नाही. बरोबर अंदाजाला तो गुप्त संकेतच सापडतो, ‘सदरहू’ म्हणून भागतं, आणि पान एखाद्या बाइटानं लहान होतं. एकेक अक्षर असं चाचपत जायचं. पोतं न उघडता, काट्यावर ठेवून आत काय आहे ते ओळखण्याचा हा प्रकार.

यावर उपाय झाले. कुलपाच्या थरातच दाबण्याची जी सोय होती ती ब्राउझरांनी बंद केली, आणि २०१८ च्या टीएलएस १.३ मानकात ती ठेवलीच नाही. जँगो या लोकप्रिय चौकटीनं २०१६ पासून पानातला गुप्त संकेत दर वेळी वेगळ्या मिठात घोळून छापायला सुरुवात केली, म्हणजे चाचपायला स्थिर काही उरत नाही. पण वेबपान दाबून पाठवणं चालूच आहे आणि ते बंद होण्यासारखं नाही. म्हणून तपासणाऱ्यानं एकदा तरी पान दाबलेल्या स्थितीतच मागवून पाहावं: गुप्त संकेत, परत छापला जाणारा शब्द आणि दाबलेलं उत्तर हे तिन्ही एकत्र आहेत का.

गाठोडी सोडणाऱ्याला एक धोका उलट दिशेनंही आहे. डिफ्लेटमध्ये एकसारखा मजकूर साधारण हजारपट दाबला जातो, म्हणजे १ एमबीच्या गाठोड्यातून १ जीबी बाहेर येऊ शकतं. ‘४२ डॉट झिप’ नावाची एक कुप्रसिद्ध फाइल आहे. तिच्यात गाठोड्यात गाठोडी आहेत; बाहेरून जेमतेम ४२ केबी, पूर्ण सोडली तर ४.५ पेटाबाइट. विनंती दाबून घेणाऱ्या प्रत्येक सर्व्हरनं सोडतानाच मर्यादा घालावी. नर्सरीच्या सर्व्हरला ती नव्हती. (माझ्या लॅपटॉपलाही नव्हती, हे मला चाचणी करताना कळलं.)

आणि पहारेकऱ्याचं काय? अनेक ठिकाणी सर्व्हरच्या पुढे भिंत असते, येणारा मजकूर चाळून घातक वाटेल तो अडवणारी. पण एनजिनएक्ससारखा पुढचा सर्व्हर विनंतीचं गाठोडं आपणहून सोडत नाही, तसंच आत देतो. ते सोडतो मागचा प्रोग्राम. पहारा गाठोडं सुटण्याच्या आधी बसवलेला असेल आणि त्याला स्वतः सोडता येत नसेल, तर तोही माझ्यासारखाच वरून हात फिरवतो.

मध्ये बसून मजकूर बदलणं हे तपासणीचं काम आहे आणि तोच गुन्हाही आहे. महाराष्ट्रानं त्याचं मोठं रूप २०१८ मध्ये पाहिलं. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ आणि १३ ऑगस्टला हल्ला झाला आणि ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. एटीएममधून आलेली ‘पैसे देऊ का?’ ही विचारणा बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत जायला हवी होती. हल्लेखोरांनी मध्ये स्वतःचं बनावट स्विच उभं केलं आणि तेच ‘हो, द्या’ म्हणत राहिलं. २८ देशांतल्या एटीएममधून नोटा निघाल्या. १३ तारखेला स्विफ्ट यंत्रणेतून हाँगकाँगकडे पैसे वळवले गेले ते वेगळेच. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं यात अकरा जणांना दोषी ठरवलं. त्यात जीझिपचा काही संबंध नव्हता. संबंध आहे तो मधल्या जागेचा. विचारणारा आणि उत्तर देणारा दोघंही समजतात की आपण एकमेकांशीच बोलतोय.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरण्याबद्दल आहे आणि तेच अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (आमच्याकडे ‘कलम’ म्हटलं की लोक आधी कोणत्या खुंटावरची ते विचारतात.) चांगल्या हेतूनं, कुणी न सांगता एखाद्या पतसंस्थेची किंवा बाजार समितीची साइट ‘जरा पाहिली’ अशी पोरं मला भेटतात. हेतू कायद्याच्या पुढे मांडत बसण्यापेक्षा आधी कागद घ्यावा, त्यावर कोणता सर्व्हर, कोणत्या तारखा आणि काय करायचं नाही, हे लिहून घ्यावं. नर्सरीच्या कागदावर वर्षाची मुदत लिहिलेली होती आणि ती संपली होती. म्हणून गाठोडं सापडल्यावर मी काहीही पुन्हा न पाठवता आधी मालकांकडे गेलो.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘म्हंजे भाऊ, मागच्या साली तुमी लिहून देल्लं ते चुकलं होतं?’ मी हो म्हणालो. मग त्यांनी विचारला तो प्रश्न माझ्या लक्षातच आला नव्हता: ‘मंग सालभरात कोनं एक रुपयात कलमा नेल्या असतीन, त आपल्याले कसं समजीन?’

नवीन कागद झाला. चाचणीच्या प्रतीवर मी आधी न बदललेला मजकूर बांधून पाठवला; स्वीकारला गेला. मग दर एक रुपया करून, जीझिपनं बांधून, लांबी जुळवून पाठवला. नोंदणी पक्की झाल्याचा संदेश आला. पोराचा चेहरा पाहवत नव्हता, पण दुरुस्ती दहा मिनिटांची निघाली: फोनकडून फक्त कलमेचा प्रकार आणि संख्या घ्यायची, दर सर्व्हरनं आपल्या तक्त्यातून लावायचा, आणि गाठोडं सोडताना किती मोठं होऊ द्यायचं याची मर्यादा. ती करून पुन्हा तीच एक रुपयाची विनंती पाठवली. या वेळीही ती स्वीकारली गेली, पण बिल पूर्ण दराचं आलं.

राहिला मालकांचा प्रश्न. सुदैवानं सर्व्हर प्रत्येक नोंदीसोबत फोनकडून आलेला दर साठवत होता. त्या वर्षाच्या सगळ्या नोंदी काढून आम्ही त्या त्या तारखेच्या दरपत्रकाशी लावून पाहिल्या. दोन संध्याकाळी गेल्या. तीन नोंदी कमी दराच्या निघाल्या आणि त्या तिन्ही मालकांनी स्वतःच नातेवाइकांना दिलेल्या सवलती होत्या, ज्या घरात कुणाला माहीत नव्हत्या.

चुकीचा अहवाल मी परत मागितला. त्यांनी दिला नाही. नवा अहवाल त्याच्यावर ठेवून, दोन्हीला एकच टाचणी मारून त्यांनी फायलीत लावला.